मनी वसे ते पडद्यावर दिसे का?

दूरचित्रवाणीवरील मालिका नेमाने पाहणाऱ्यांना एक दृश्य पाठ झालेले असते. नायिका अंथरुणावर तळमळत आहे. कपाळावर घामाचे थेंब आहेत. पडद्याच्या कडा धूसर होतात, धूर पसरतो, ओळखीची माणसे संथ गतीने पुढे येतात, कोणी हाक मारते, कोणी कड्यावरून कोसळते. मग एक किंकाळी, आणि नायिका ताडकन उठून बसते. उशाशी पाण्याचा तांब्या असतोच. ‘स्वप्न होते तर!’ म्हणून प्रेक्षक सुटकेचा निःश्वास टाकतात. पण तीन-चार भाग उलटले की स्वप्नात दिसलेले सारे जसेच्या तसे घडते आणि घरातली वडीलधारी बाई म्हणते, ‘मला वाटलेच होते. पहाटेचे स्वप्न होते ना ते!’

या एका दृश्यात मालिकाकार दोन कामे उरकून घेतो. पहिले, नायिकेच्या मनावर ताण आहे हे तिच्या तोंडी एकही वाक्य न घालता तो दाखवतो. दुसरे, पुढे काय होणार याची वर्दी देतो. आमच्या मते पहिले काम रास्त आहे. ते चांगले साधले तर त्यातून मनाविषयी खरे काही कळते. दुसरे काम मात्र फसवणुकीचे आहे. ताणाचे चित्रण आणि भविष्याची सूचना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची गल्लत पडद्यावर इतक्या वेळा झाली आहे की ती आता प्रेक्षकाच्या लक्षातही येत नाही.

विज्ञानाच्या मासिकात मालिकांची उठाठेव कशासाठी, असे कोणी विचारील. कारण साधे आहे. ‘सर, पहाटेची स्वप्ने खरी होतात का?’ हा प्रश्न वैजापूरसारख्या तालुक्याच्या गावी विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षकाला नवा नाही, तसाच तो मुंबईतल्या शिक्षकालाही नाही. दहावी-बारावीच्या परीक्षा जवळ आल्या की या प्रश्नामागे नुसते कुतूहल नसते, भीती असते. झोप आणि स्वप्न यांविषयी आपल्या पाठ्यपुस्तकांत फारसे काही नाही. ती जागा मालिकांनी भरून काढली आहे. तेव्हा त्या काय शिकवतात ते तपासणे भाग आहे.

मुंगेरीलालचे मांडे

आपल्याकडे स्वप्न हाच ज्या मालिकेचा कणा होता अशी सर्वांत गाजलेली मालिका म्हणजे ‘मुंगेरीलाल के हसीन सपने’. १९८९ साली दूरदर्शनवर ती आली. प्रकाश झा यांचे दिग्दर्शन होते, लेखन मनोहर श्याम जोशी यांचे, आणि मुंगेरीलालच्या भूमिकेत रघुबीर यादव. मालिका हिंदी होती. पण त्या काळी घरोघरी एकच वाहिनी दिसत असल्याने मराठी घरांनी ती आपलीच मानली. ‘मुंगेरीलालची स्वप्ने’ हा शब्दप्रयोग मराठी बोलण्यात आणि वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत तेव्हापासून जो रुळला तो आजतागायत.

मुंगेरीलाल हा कचेरीतला सामान्य कारकून. घरी त्याचे कोणी ऐकत नाही, कचेरीत त्याला कोणी मोजत नाही. अपमान गिळून तो बसतो, नजर शून्यात लागते आणि पाहता पाहता तो वेगळ्याच जगात पोचतो. तिथे हुकूम सोडणारा तो आणि मान खाली घालून ऐकणारे दुसरे. मग कोणीतरी खेकसते आणि स्वारी पुन्हा आपल्या खुर्चीत.

मराठीत यासाठी स्वप्नापेक्षा नेमका शब्द आहे: मनोराज्य. मनाचे मांडे खाणे म्हणतात ते हेच. रात्रीचे स्वप्न आणि हे जागेपणीचे मनोराज्य यांत मोठा फरक आहे. मनोराज्याची सूत्रे आपल्या हाती असतात. ते हवे तेव्हा सुरू करता येते, बरेचदा थांबवताही येते, आणि त्यातली घटना आपल्या इच्छेच्या कलाने जाते. म्हणून मुंगेरीलाल आपल्या स्वप्नांत सहसा जिंकतो. रात्रीचे स्वप्न एवढे मवाळ नसते.

मालिकेच्या नावात ‘सपने’ आहे म्हणून तिला दोष देण्याचे कारण नाही. बोलीत दोन्हींना स्वप्नच म्हणतात. उलट एका बाबतीत मालिकाकारांची जाण वाखाणण्याजोगी आहे. मुंगेरीलालच्या जगात अपरिचित असे फार थोडे असते. जी माणसे दिवसा त्याला टोचून बोलतात तीच तिथे हजर असतात, फक्त पायऱ्या बदललेल्या असतात. ताण कुठून येतो आहे हे प्रेक्षकाला न सांगता समजते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. मनोराज्यातून परतलेला मुंगेरीलाल सुखी झालेला दिसत नाही. जिथे होता तिथेच, तितकाच खिन्न तो असतो. २०१० साली मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट या हार्वर्डच्या संशोधकांनी २,२५० प्रौढांना दिवसभरात अधूनमधून फोनवरून विचारले की या क्षणी तुम्ही काय करता आहात, मन कुठे आहे आणि कसे वाटते आहे. जवळजवळ ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हते, आणि मन भटकत असताना माणसे कमी सुखी होती. एवढेच नव्हे, तर मन सुखद विषयाकडे गेले असतानाही ती कामात लक्ष असतानापेक्षा अधिक सुखी नव्हती. विनोदी मालिकेने एकवीस वर्षे आधी हे ओळखले होते असे म्हणायला हरकत नाही.

उणीव आहे ती वेगळीच. मालिका मुंगेरीलालला हसते आणि आपल्यालाही हसायला लावते. ज्या कचेरीने आणि ज्या घराने त्याला असा केला त्यांच्याकडे बोट दाखवण्याऐवजी ती त्याच्या भाबडेपणाकडे बोट दाखवते. परिणाम असा, की आज एखादा मुलगा वर्गात खिडकीबाहेर पाहत बसला की आपण त्याला ‘काय रे मुंगेरीलाल’ म्हणतो आणि तो कशापासून पळतो आहे हे विचारायचे राहून जाते.

झोपेच्या प्रयोगशाळेत

रात्रीच्या स्वप्नांचा अभ्यास खऱ्या अर्थाने सुरू झाला तो १९५३ साली. शिकागो विद्यापीठात युजीन अ‍ॅसेरिन्स्की आणि नॅथॅनिएल क्लाइटमन यांना असे दिसले, की झोपेच्या काही टप्प्यांत मिटलेल्या पापण्यांखाली डोळे झपाट्याने हलतात आणि त्या वेळी उठवलेली माणसे बहुधा स्वप्न सांगतात. शीघ्र नेत्रचलनाच्या इंग्रजी नावातील आद्याक्षरांवरून या टप्प्याला ‘रेम’ झोप म्हणतात. साधारण दर नव्वद मिनिटांनी ती येते, रात्रीत चार-पाच वेळा. पहिली फेरी जेमतेम काही मिनिटांची, तर शेवटची, म्हणजे पहाटेची, अर्ध्या तासापर्यंत लांबू शकते. पुढे असेही आढळले की इतर टप्प्यांतही माणूस स्वप्ने पाहतो, पण रेम झोपेतली स्वप्ने अधिक लांब, अधिक चित्रमय आणि अधिक भावनाभरली असतात.

‘पहाटेचे स्वप्न खरे होते’ या समजुतीचे मूळ इथे सापडते. पहाटे रेम झोप अधिक, म्हणून स्वप्नेही अधिक आणि लांबलचक. शिवाय त्यातूनच आपण जागे होतो, म्हणून ती आठवतात. मध्यरात्रीची विरून जातात. आता थोडा हिशेब करू. रात्रीला चार स्वप्ने धरली तरी एका माणसाची वर्षाला सुमारे दीड हजार होतात. साठ मुलांच्या वर्गाची होतात नव्वद हजार. एवढ्या ढिगातून एखादे स्वप्न पुढे घडलेल्या गोष्टीशी जुळले तर नवल नाही. एकही जुळले नाही तर मात्र नवल करावे लागेल. जुळलेले आपण जन्मभर सांगत राहतो, न जुळलेली हजारो न्याहारीच्या आधीच विसरतो.

मालिकेतले तळमळणेही तपासून पाहू. रेम झोपेत डोळे आणि श्वासाचे स्नायू सोडले तर शरीराचे बहुतेक स्नायू शिथिल झालेले असतात. फ्रेंच शास्त्रज्ञ मिशेल जुव्हे यांनी १९५९ च्या सुमारास मांजरांवरील प्रयोगांतून हे दाखवले. निसर्गाने केलेली ही सोयच आहे. नाहीतर स्वप्नात धावणारा माणूस खरोखरच धावत सुटला असता. तेव्हा भयस्वप्न पाहणारी नायिका पडद्यावर हातपाय झाडते तशी झाडत नाही. ती बहुधा निश्चल पडलेली असते आणि दचकते ती जाग येताना. किंचाळणे आणि धडपडणे दिसते ते लहान मुलांच्या ‘रात्रभया’त. ते रात्रीच्या पहिल्या भागात, गाढ झोपेत येते. मूल घाबरून ओरडते, आईलाही ओळखत नाही आणि सकाळी त्याला काही आठवत नाही. रात्रभयाचा देखावा आणि भयस्वप्नाची गोष्ट एकत्र करून मालिकांनी एक तिसरेच प्रकरण तयार केले आहे.

धूर आणि धूसर कडा यांचीही तीच कथा. स्वप्न चालू असताना ते धूसर वाटत नाही, खरे वाटते. १९९६ साली पिएर माके आणि सहकाऱ्यांनी रेम झोपेतील मेंदूतला रक्तप्रवाह मोजला. भीतीसारख्या भावनांशी निगडित असलेला बदामाकृती भाग, म्हणजे अमिग्डाला, जोरात काम करत होता. कपाळामागचे विचार करणारे, शंका काढणारे काही भाग मात्र मंदावलेले होते. म्हणून स्वप्नात मेलेला माणूस जेवायला बसला तरी आपण ‘हे कसे?’ असे विचारत नाही. भावना जागी आणि शंका झोपलेली, अशी ती अवस्था असते.

पडद्याचा परिणाम आपण स्वतःच्या स्वप्नांविषयी जे सांगतो त्यावरही होत असावा. १९४० च्या दशकात अमेरिकेतील विद्यार्थ्यांना विचारले असता बहुसंख्यांनी स्वप्नात रंग क्वचितच दिसतात किंवा दिसत नाहीत असे सांगितले होते. तीच प्रश्नावली एरिक श्विट्झगेबेल यांनी पुन्हा वापरली आणि २००३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. आता असे म्हणणारे थोडे उरले होते. मधल्या काळात मेंदू बदलला नव्हता, चित्रपट कृष्णधवलाचे रंगीत झाले होते. स्वप्न कसे असते हे सांगताना आपण नकळत पडद्याची भाषा वापरतो, याचा यापेक्षा बोलका पुरावा शोधायला नको.

ताणाचा प्रश्न उरतोच. स्वप्ने का पडतात यावर शास्त्रज्ञांचे एकमत नाही. सिग्मंड फ्रॉइड यांना त्यांत दडपलेल्या इच्छा दिसल्या. अ‍ॅलन हॉब्सन आणि रॉबर्ट मॅकार्ली यांनी १९७७ साली मांडले, की मेंदूच्या खोडातून उठणाऱ्या संदेशांना मोठा मेंदू कसाबसा अर्थ लावतो, तेच स्वप्न. आन्टी रेव्हॉन्सुओ यांनी २००० साली त्यांना धोक्याची रंगीत तालीम म्हटले. पण एका गोष्टीवर आज बरेच अभ्यासक सहमत होतील: स्वप्नाचा कच्चा माल जागेपणीच्या चिंतांतून आणि अनुभवांतून येतो. कॅल्व्हिन हॉल आणि रॉबर्ट व्हॅन डी कॅसल यांनी विद्यार्थ्यांची शेकडो स्वप्ने वर्गवार मोजली तेव्हा त्यांत सुदैवापेक्षा दुर्दैव पुष्कळ जास्त भरले. मराठी माणसाने हे एका म्हणीत सांगून ठेवले आहे: मनी वसे ते स्वप्नी दिसे. म्हणीत ‘उद्या घडे ते स्वप्नी दिसे’ असे म्हटलेले नाही, हे ध्यानात घ्यावे.

एका गुंडाचे परीक्षेचे स्वप्न

ताणाखालच्या माणसाचे रात्रीचे स्वप्न पडद्यावर प्रामाणिकपणे कसे आणता येते, हे पाहायचे तर एका अमेरिकी मालिकेकडे वळावे लागते. एचबीओ वाहिनीवरील ‘द सोप्रानोस’ ही मालिका १९९९ ते २००७ या काळात चालली. तिचा नायक टोनी सोप्रानो हा न्यू जर्सीतल्या गुन्हेगार टोळीचा म्होरक्या आहे. त्याला मधूनच घाबरल्याचे झटके येतात आणि म्हणून तो मनोविकारतज्ज्ञ बाईंकडे उपचार घेतो. भूमिका जेम्स गँडॉल्फिनी यांची. मालिका हिंसक आणि प्रौढांसाठी आहे, वर्गात दाखवण्याजोगी नाही. तिच्या १६ मे २००४ रोजी प्रसारित झालेल्या एका भागाचे नाव आहे ‘द टेस्ट ड्रीम’, म्हणजे परीक्षेचे स्वप्न.

टोनी पत्नीपासून वेगळा राहतो आहे. त्याच्या चुलतभावाने टोळीयुद्ध पेटेल असे काही करायला घेतले आहे, तो सापडत नाही, आणि त्याला आवरायची जबाबदारी टोनीवर आहे. हॉटेलच्या खोलीत टोनी एकटाच झोपतो. त्यानंतर सुमारे वीस मिनिटे पडद्यावर फक्त त्याचे स्वप्न आहे. डॉक्टरीणबाईंच्या खोलीत त्यांच्या जागी त्याची मृत प्रेयसी बसलेली असते. गाडीत मेलेले वडील आणि मेलेले साथीदार असतात. जेवणाच्या टेबलावर मुलीच्या भावी सासऱ्याच्या जागी एक मेलेला पोलीस अधिकारी असतो. दात पडतात. शेवटी शाळेतला खेळाचा प्रशिक्षक भेटतो. टोनी त्याच्यावर बंदूक रोखतो आणि ती ऐनवेळी दगा देते. तयारी न करता आलास, असे प्रशिक्षक त्याला सुनावतो. पहाटे जागा झालेला टोनी बायकोला फोन करून सांगतो, की ते नेहमीचे प्रशिक्षकाचे स्वप्न पुन्हा पडले.

शाळा सोडून कित्येक वर्षे झालेला, ज्याला सारे शहर घाबरते असा माणूस, आणि त्याच्या ताणाचे स्वप्न काय, तर शाळेत तयारी न करता गेल्याचे! नोकरीत मुरलेल्या किती माणसांना अजून गणिताच्या पेपरचे स्वप्न पडते ते शिक्षकांनी आपल्या ओळखीत विचारून पाहावे.

शास्त्राच्या कसोटीवर हा भाग पुष्कळसा उतरतो. स्वप्न लांब आहे आणि ते पहाटेकडे आहे, हे बरोबर. स्वप्न क्षणात उरकते हा समज चुकीचा आहे. विल्यम डिमेंट आणि क्लाइटमन यांनी १९५७ साली झोपलेल्यांना रेम सुरू झाल्यावर पाच किंवा पंधरा मिनिटांनी उठवून किती वेळ स्वप्न पाहत होता असे विचारले, तेव्हा बहुतेकांचा अंदाज बरोबर निघाला. जागा क्षणात बदलतात, एका माणसाच्या जागी दुसरा येतो आणि टोनीला काही खटकत नाही, हेही बरोबर. धूर नाही, संथ गती नाही. प्रेक्षकालाही आधी कळत नाही की जाग कुठे संपली.

पण दोन आक्षेप घ्यावे लागतात. पहिला असा, की लेखकाने रचलेल्या स्वप्नात कचरा नसतो. टोनीच्या स्वप्नातली प्रत्येक वस्तू कशाची ना कशाची खूण आहे आणि मालिकेचे चाहते ती उलगडत बसतात. खऱ्या स्वप्नात पुष्कळसे नुसतेच असते: काल बाजारात दिसलेली सायकल, कोणाची तरी टोपी. रॉबर्ट स्टिकगोल्ड यांनी २००० साली काही लोकांना टेट्रिस हा ठोकळ्यांचा खेळ खेळायला दिला. झोप लागता लागता अनेकांना खाली पडणारे ठोकळे दिसले. स्मृतिभ्रंशामुळे खेळ खेळल्याचेच ज्यांना आठवत नव्हते अशा काहींनाही ते दिसले. त्या ठोकळ्यांचा गूढार्थ शोधण्यात हशील नाही.

दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे. स्वप्नात चुलतभाऊ शत्रूला मारताना दिसतो, आणि जागे झाल्यावर टोनीला बातमी मिळते, की त्याने खरोखरच हल्ला केला आहे. म्हणजे भविष्यच की! पण नीट पाहिले तर येथे लेखकाने तोल सांभाळला आहे. भाऊ बिथरला आहे, त्याच्याजवळ सूडाचे कारण आहे, तो फोन उचलत नाही, हे सारे झोपण्यापूर्वी टोनीला ठाऊक आहे. स्वप्नाने नवी माहिती आणलेली नाही. जागेपणी ज्याकडे पाहायची छाती होत नव्हती ते पुढे केले. आपल्या मालिकांतील स्वप्ने याच्या नेमकी उलट असतात. नायिकेला जे कळायला काही मार्ग नाही तेच त्यांत दिसते.

शिऊरच्या बहिणाबाई

प्रामाणिक स्वप्नचित्रणासाठी परदेशी मालिकेपर्यंत जायलाच हवे असे मात्र नाही. वैजापूर तालुक्यातील शिऊर येथे संत बहिणाबाईंची समाधी आहे. खानदेशच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी त्या या नव्हेत. या सतराव्या शतकातल्या, तुकोबांच्या शिष्या. देवगाव रंगारी येथे १६२८ साली त्यांचा जन्म झाला, १७०० साली शिऊरला त्यांनी देह ठेवला. आपले आयुष्य त्यांनी स्वतः अभंगांतून सांगितले आहे, आणि त्या कथनाच्या मध्यभागी एक स्वप्न आहे.

तीन-चार वर्षांची असताना तिशीच्या विधुराशी त्यांचे लग्न झाले. घर सोडून कुटुंब गावोगाव फिरत कोल्हापूरला पोचले. तिथे जयरामस्वामींच्या कीर्तनांतून तुकोबांचे अभंग त्यांच्या कानी पडले. मुलीच्या भक्तीचा बोभाटा झाला तसा नवऱ्याचा राग अनावर झाला आणि त्याने तिला मारले, बांधून घातले. जीव लावलेले वासरू मेले. त्या दुःखात तिची शुद्ध हरपली, आणि काही दिवसांनी, १६४० च्या सुमारास, तिला स्वप्नात तुकोबांचे दर्शन झाले. त्यांनी मंत्र दिला. तिने तुकोबांना कधी पाहिले नव्हते. तेव्हा तिचे वय बाराच्या आसपास होते.

हा अनुभव श्रद्धेच्या अंगाने कसा घ्यावा हे ज्याचे त्याने ठरवावे. विज्ञान तिथे पंचाईत करत नाही. आम्हाला दिसते ती निवेदनाची सचोटी. बहिणाबाई स्वप्न सांगण्यापूर्वी त्यामागचे दिवस सांगतात: मार, वासरू, कीर्तन. स्वप्नात जे आले ते आधी कानांवाटे मनात उतरले होते. त्यात उद्याची बातमी नाही. एका मुलीला जे घरात कोणी द्यायला तयार नव्हते ते, म्हणजे आपल्या वाटेने जाण्याची मुभा, तिला मिळाली आहे. स्वप्नानंतर जाच संपला असेही त्या म्हणत नाहीत. तो चालूच राहिला.

चरकसंहितेने स्वप्नांचे सात प्रकार केले आहेत: दृष्ट, श्रुत, अनुभूत, प्रार्थित, कल्पित, भाविक आणि दोषज. पाहिलेले, ऐकलेले, अनुभवलेले, इच्छिलेले आणि कल्पिलेले अशी ही पहिली पाच वैद्याने निष्फळ मानावीत, म्हणजे त्यांवरून पुढचे अनुमान काढू नये, असे तिथे म्हटले आहे. पुढच्या प्रकारांना चरक फळ मानतो आणि तिथे आपली वाट वेगळी होते. पण निम्म्याहून अधिक प्रकार आपल्याच दिवसातून येतात हे निरीक्षण पक्के आहे. मुंगेरीलाल प्रार्थितात बसतो, टोनी अनुभूतात. बहिणाबाईंच्या स्वप्नात श्रुताचा मोठा वाटा आहे.

वर्गात काय करावे

येथे पुन्हा मुलांकडे वळू. इझाबेल आर्नुल्फ आणि सहकाऱ्यांनी पॅरिसमध्ये वैद्यकीय शिक्षणाच्या चुरशीच्या स्पर्धापरीक्षेला बसलेल्या ७१९ विद्यार्थ्यांची पाहणी केली आणि २०१४ साली ती प्रसिद्ध केली. साठ टक्क्यांना आदल्या रात्री परीक्षेचे स्वप्न पडले होते. अशा स्वप्नांपैकी ७८ टक्क्यांत काही ना काही बिघडले होते: उशीर झाला, उत्तर आठवेना. आणि गंमत अशी, की ज्यांना परीक्षेची स्वप्ने अधिक वेळा पडली त्यांना गुण सरासरीने अधिक मिळाले. स्वप्नामुळे गुण वाढतात असा याचा अर्थ नव्हे. ज्यांनी परीक्षा मनावर घेतली त्यांनाच ती स्वप्नातही दिसली असेल. पण एवढे निश्चित, की नापास होण्याचे स्वप्न हा नापास होण्याचा इशारा नाही.

हे मुलांना नुसते सांगण्यापेक्षा करून दाखवता येईल. इच्छुक विद्यार्थ्यांनी तीन आठवडे उशाशी वही ठेवावी. झोपण्यापूर्वी मनात घोळणाऱ्या तीन गोष्टी एका कागदावर, आणि उठल्याबरोबर आठवेल तेवढे स्वप्न दुसऱ्या कागदावर लिहावे. शेवटी आपले कागद नावाशिवाय मिसळून एखाद्या विश्वासू मित्राला जोड्या लावायला द्यावे. नुसत्या योगायोगाने लागतील त्यापेक्षा जास्त जोड्या लागतात का ते मोजावे. ज्या स्वप्नाविषयी ‘हे खरे होणार’ असे वाटते ते तारीख घालून पाकिटात बंद करावे आणि महिन्याने सर्व पाकिटे उघडावीत, फक्त जुळलेली नव्हेत. स्वप्ने वर्गात वाचून दाखवण्याची सक्ती नसावी आणि शिक्षकाने त्यांचा अर्थ सांगायला बसू नये. तेच तेच भयस्वप्न एखाद्या मुलाची झोप आठवड्यामागून आठवडे मोडत असेल, तर मात्र पालकांशी बोलावे आणि तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. शासनाची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.

मालिका तर मुले पाहणारच. दुसऱ्या दिवशी तीन प्रश्न तेवढे विचारावेत. स्वप्नात दिसलेले त्या पात्राला आधीपासून माहीत होते का? त्यातून त्याचा ताण कळला की नुसती पुढची घटना कळली? आणि स्वप्नानंतर त्याला कोणी ‘तुला काय होते आहे?’ असे विचारले का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुधा नाही असे येईल. पडद्यावर स्वप्नाचा अर्थ सांगणारे पुष्कळ भेटतात, स्वप्न पाहणाऱ्याची विचारपूस करणारे थोडे.

फेब्रुवारी-मार्चमध्ये एखादी मुलगी परीक्षेच्या सकाळी काळवंडलेल्या चेहऱ्याने येईल आणि सांगेल, की पहाटे कोरा पेपर दिल्याचे स्वप्न पडले. तिला हसू नये, आणि ‘काही होत नाही’ म्हणून वाटेलाही लावू नये. तिला सांगावे, की दिवसभर तुझ्या मनात परीक्षाच होती, म्हणून रात्रीही तीच दिसली. ही काळजीची खूण आहे, निकालाची नव्हे. मग प्रवेशपत्र आणि पेन घेतले आहे का, तेवढे विचारावे.